बॅलंटाइन की स्टीव्हन्सन?

दोघेही साहसकथा लिहिणारे, दोघेही स्कॉटलंडमधल्या एडिंबरोचे. रॉबर्ट बॅलंटाइन 1825चा, रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन 1850चा. दोघेही गेले 1894 साली. एक रोममध्ये, दुसरा पार पॅसिफिकमधल्या सामोआत.

बॅलंटाइन सोळाव्या वर्षी हडसन बे कंपनीत कारकून म्हणून कॅनडाला गेला आणि तिथल्या बर्फात काही वर्षं फरच्या व्यापारात राबला. पण गाजला तो पॅसिफिक बेटावरच्या ‘कोरल आयलंड’ या कादंबरीमुळे, आणि तो समुद्र त्याने पाहिलाच नव्हता! त्यात त्याने झाडावरचा नारळही ब्रिटनच्या दुकानात मिळतो तसाच, सोललेला रंगवला. असोला नारळ सोलताना घाम कसा निघतो, हे कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल. चूक लक्षात आल्यावर गडी खजील झाला. पुढे लिहायचं ते आधी डोळ्यांनी बघून, असं त्याने ठरवलं. दीपगृहावरची कादंबरी लिहिण्याआधी तो भर समुद्रातल्या बेल रॉक दीपगृहात राहून आला, लंडनच्या बंबवाल्यांबरोबर आगीवर धावला.

गंमत म्हणजे बेल रॉकचं दीपगृह बांधणारा इंजिनिअर स्टीव्हन्सनचा आजोबा. नातू मात्र छातीच्या दुखण्याने बेजार. 1881च्या पावसाळी सुट्टीत सावत्र मुलासोबत त्याने एका बेटाचा नकाशा रंगवला आणि त्यातूनच ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी निघाली. तिच्या सुरुवातीच्या कवितेत त्याने बॅलंटाइनचं नावही आदराने घेतलंय.

आयुष्य वाचायचं तर मी बॅलंटाइनचं निवडेन. गोष्ट वाचायची तर स्टीव्हन्सनच. बॅलंटाइनच्या गोष्टीतली पोरं फारच सज्जन, पण ‘ट्रेझर आयलंड’मधला समुद्री चाचा लाँग जॉन सिल्व्हर आवडतो की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही.