पार्किन्सन्स आणि रात्रीची झोप: कोणती गोळी झोपू देते, कोणती जागं ठेवते

पार्किन्सन्सच्या माणसाची झोप बिघडली की घरात पहिली मागणी होते झोपेच्या गोळीची. ती मागण्याआधी चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी पुढ्यात घेऊन बसा, असं मी कळकळीने सांगेन. कारण एकाची झोप मोडते ती औषधाचा अंमल रात्री उतरतो म्हणून, आणि दुसऱ्याची मोडते ती औषधाचा अंमल रात्रीही टिकून राहतो म्हणून. पहिल्याला रात्रीचं औषध वाढवावं लागतं, दुसऱ्याचं कमी करावं लागतं किंवा दुपारकडे सरकवावं लागतं. डॉक्टरांसमोर मात्र दोघंही एवढंच म्हणतात, “झोप लागत नाही हो.” तेवढ्यावर निर्णय झाला तर तो चुकण्याची शक्यता मोठी.

अंमल उतरतो म्हणजे काय, ते मी बाबांच्या खोलीत पाहिलं आहे. पहाटे हाक यायची, “जरा कूस वळवून दे रे.” चादरीची कड मुठीत धरून ते स्वतःला ओढू बघायचे आणि नुसती चादरच हातात यायची. डाव्या पायाचा अंगठा वर ताठ, बाकीची बोटं आत वळलेली, पोटरीत गोळा. सकाळची पहिली गोळी लागू पडली की तोच पाय सैल व्हायचा. हे चित्र असेल तर झोपेची गोळी देऊन उपयोग नाही. माणूस गुंगीत जातो, पण अंग आखडलेलंच राहतं. लेव्होडोपा हे पार्किन्सन्सचं मुख्य औषध. या आजारात मेंदूत कमी पडणारं, हालचालीला लागणारं डोपामिन नावाचं रसायन त्यापासून तयार होतं. पण ते रक्तातून फार लवकर कमी होतं, साधारण दीड तासात निम्मं. संध्याकाळी सातला शेवटची गोळी घेतलेल्या माणसाला मध्यरात्रीनंतर तिचा आधार फारसा उरत नाही.

अशा वेळी डॉक्टर साधारणपणे दोन वाटा सुचवतात. एक, झोपताना लेव्होडोपाची हळूहळू सुटणारी गोळी, म्हणजे पाकिटावर ‘सीआर’ लिहिलेली. दुसरी, डोपामिनसारखं काम करणारी औषधं: प्रामिपेक्सॉल, रोपिनिरोल किंवा रोटिगोटिनचा कातडीवर चिकटवायचा पॅच.

सीआर गोळीची जमेची बाजू अशी की औषध ओळखीचंच असतं, भास आणि गुंगीचा धोका दुसऱ्या वाटेपेक्षा कमी, आणि रात्री कूस बदलणं बऱ्याच जणांना सोपं जातं. उणी बाजूही आहे. ती शरीरात साध्या गोळीच्या सुमारे ७० टक्केच पोचते आणि उशिरा लागू पडते, त्यामुळे साध्या १०० मिलिग्रॅमच्या जागी सीआरची १०० दिली तरी परिणाम तेवढा येत नाही. गिळताना त्रास होतो म्हणून घरोघरी ती कुटून दिली जाते. तसं केलं की हळूहळू सुटण्याचा गुणच जातो. आणि आपली जेवणं! नऊ वाजता उसळ-भाकरी किंवा वरण-भात, लगेच गोळी. जेवणातल्या प्रथिनांची आणि लेव्होडोपाची आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत शिरण्याची वाट एकच आहे, त्यामुळे डाळी-उसळीवर घेतलेली गोळी मागे पडते. मात्रा वाढवण्याआधी जेवण आणि गोळीची वेळ सुटी करून बघा. साध्या गोळीसाठी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर किमान एक तास असं धरतात. सीआरचं आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

दुसऱ्या वाटेची औषधं जास्त वेळ टिकतात. रोपिनिरोल निम्मं व्हायला सुमारे ६ तास लागतात, प्रामिपेक्सॉलला ८ ते १२. पॅच तर २४ तास एकसारखं औषध सोडतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रिकव्हर’ नावाच्या अभ्यासात २८७ रुग्ण होते. रोटिगोटिनच्या पॅचने त्यांची सकाळची हालचाल आणि रात्रीची झोप दोन्ही सुधारली, औषध नसलेल्या खोट्या पॅचच्या तुलनेत. रात्री पाय वळवळतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही, असा त्रास जोडीला असेल तर ही औषधं त्यावरही चालतात.

पण रात्री मिळालेली झोप दिवसाही मागे लागू शकते. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी नऊ रुग्णांची नोंद छापली: आठ जण प्रामिपेक्सॉलवर, एक रोपिनिरोलवर. सगळे गाडी चालवताना झोपी गेले आणि अपघात झाले. पाच जणांना आधी जांभईइतकीही सूचना मिळाली नव्हती. औषध थांबवल्यावर हे झटके थांबले. म्हणून घरचा माणूस अजून स्कूटर काढत असेल तर ही औषधं सुरू होताना त्याच्याशी स्पष्ट बोला. दुसरी गोष्ट सांगायला लोक लाजतात. जुगार, ऑनलाइन खरेदी, खाणं किंवा लैंगिक इच्छा हाताबाहेर जाणं हा या औषधांचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे, माणसाचं चारित्र्य बिघडलं असं समजू नका. रात्री दोनला मोबाइलवर खरेदी चालू असेल तर ती निद्रानाशाच्या खात्यात घालू नका, डॉक्टरांना सांगा.

माझा कल विचाराल तर: सत्तरीच्या पुढचा माणूस, विसरभोळेपणा, खोलीत नसलेली माणसं दिसणं, यातलं काहीही असेल तर सीआरची वाट. वय कमी, डोकं लख्ख, दिवसाही गोळ्यांच्या मधल्या वेळात अंग आखडतं आणि घरात लक्ष ठेवणारं कुणी आहे, तर दुसरी. त्यातही रात्रीचा त्रास जास्त आणि गोळ्यांची गर्दी झालेली असेल तर पॅच चांगला. तो लावलेल्या जागी कातडीला खाज येऊ शकते, म्हणून जागा रोज बदलायची.

आता उलटी बाजू, औषधच झोपू देत नाही ती. इथे पहिला संशय सेलेजिलिन या पार्किन्सन्सच्याच गोळीवर घ्या. शरीरात त्याचे जे घटक होतात ते ॲम्फेटामिनच्या जातीचे, म्हणजे जागं ठेवणारे. म्हणूनच ते सकाळी आणि दुपारच्या जेवणाबरोबर द्यायचं असतं. चिठ्ठीवर ‘दिवसातून दोनदा’ वाचून सकाळ-रात्र दिलं जात असेल तर झोप का उडाली हे शोधायला लांब जायला नको. रासाजिलिन त्याच कुळातलं, पण त्यातून ॲम्फेटामिन होत नाही आणि दिवसाला एकच गोळी लागते. झोपेच्या दृष्टीने मला ते सरस वाटतं. अमँटाडीन या पार्किन्सन्सच्या आणखी एका औषधाचंही सेलेजिलिनसारखंच. दुसरी गोळी दुपारी उशिरापर्यंत आटपावी, नाहीतर झोप उडते, विचित्र स्वप्नं पडतात. ट्रायहेक्सिफेनिडिल, म्हणजे पॅसिटेन, म्हाताऱ्या माणसांत गोंधळ आणि विसर वाढवतं. कंपासाठी जुन्या चिठ्ठीतून चालत आलं असेल तर त्याची अजून गरज आहे का, हे जरूर विचारा.

तिसरा प्रकार वेगळाच. माणूस गाढ झोपेत ओरडतो, लाथा झाडतो, पलंगावरून पडतो. स्वप्नं पडण्याच्या झोपेत शरीराचे स्नायू एरवी बंद असतात. पार्किन्सन्समध्ये हे कुलूप निसटतं आणि माणूस स्वप्न हातापायांनी जगतो. पुष्कळदा हे कंप सुरू होण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून असतं. इथे क्लोनाझेपाम (गुंगी आणणारी गोळी) की मेलाटोनिन (शरीरात झोपेच्या वेळी तयार होणाऱ्या संप्रेरकाची गोळी), असा प्रश्न येतो. क्लोनाझेपाम प्रभावी, पण ते निम्मं व्हायलाच ३० ते ४० तास लागतात, म्हणून दुसऱ्या दिवशी तोल जातो, म्हातारा माणूस बाथरूमच्या वाटेवर पडतो. घोरताना श्वास अडकणाऱ्यांना तर ते धोक्याचंच. मेलाटोनिन ३ मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवतात. त्याचे पुरावे तितके ठाम नाहीत, पण पडण्याची भीती कमी. तोल आधीच गेलेल्या घरात मी मेलाटोनिनपासूनच सुरुवात करायला सांगेन, आणि पलंगाशेजारचं टोकदार टेबल आजच हलवायला सांगेन. नैराश्यासाठी मिर्टाझापिन, व्हेनलाफॅक्सिन किंवा तत्सम गोळी चालू असेल तर तेही सांगा. त्यांनी हा त्रास वाढू शकतो.

काही औषधं या तुलनेत येतच नाहीत, ती टाळायचीच. रात्री बडबड करतात म्हणून हॅलोपेरिडॉल, मळमळतं म्हणून मेटोक्लोप्रमाइड, चक्कर येते म्हणून स्टेमेटिल नावाने मिळणारं प्रोक्लोरपेराझिन: तिन्ही डोपामिनचं काम अडवतात आणि पार्किन्सन्स बळावतो. भास फारच झाले तर कमी मात्रेतलं क्वेटियापिन वापरतात. मळमळीला डोम्पेरिडोन चालतं, मात्र हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असेल तर विचारून.

खाजकुयलीच्या बियांचं चूर्ण, म्हणजेच कवचबीज, आपल्याकडे अनेक घरांत डॉक्टरांना न सांगता चालू असतं. त्यात खरोखरच लेव्होडोपा असतं. पण चमच्यात किती गेलं हे कळत नाही, आणि गोळीवर ते पडलं की रात्री भास आणि उठल्यावर रक्तदाब घसरणं संभवतं. घेत असाल तर चिठ्ठीत लिहून न्या.

डॉक्टरांकडे जाण्याआधी आठवडाभर एक वही ठेवा: प्रत्येक गोळीची वेळ, जेवणाची वेळ, किती वाजता जाग आली, आणि कशाने: आखडून, लघवीला, ओरडून की नुसतीच. लघवीसाठी चार-चार वेळा उठणाऱ्याला प्रोस्टेट किंवा साखर तपासायची असू शकते. त्याच्या डोपामिनच्या गोळ्या वाढवून काही साधणार नाही. आणि यातली कुठलीही गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका. लेव्होडोपा किंवा अमँटाडीन अचानक तोडल्याने तीव्र ताप, अंग लाकडासारखं ताठ होणं आणि शुद्ध हरपणं इथपर्यंत वेळ येऊ शकते. गोळीची वेळ बदलायची असली तरी फोन करून विचारा, आणि एका वेळी एकच बदल करा, म्हणजे कशाने फरक पडला ते वहीत दिसेल.