टायरच्या आतल्या बाजूला

फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीचे टायर बदलायची वेळ आली की पोटात गोळा येतो. साध्या गाडीला दोन आत्ता, दोन नंतर, असं ढकलता येतं. माझ्या गाडीची चारही चाकं कायम इंजिनाला जोडलेली असतात, त्यामुळे चारही टायर जवळजवळ सारख्या घेराचे लागतात. हे मला माहीत होतं. म्हणूनच मी एकदम चार घ्यायला निघालो, आणि म्हणूनच स्वस्तातले शोधत बसलो. फसवणाऱ्याला असं गिऱ्हाईक फार सोयीचं पडत असणार: अर्धवट माहिती असलेलं, आणि तेवढ्यावरच खूष.

हे 2023 मधलं. चार नव्या टायरांचा आकडा ऐकून मी गप्प झालो, तेव्हा दुकानदाराने आवाज खाली आणून ‘टेक-ऑफ’ हा शब्द काढला. नवी गाडी घरी आली की काही हौशी लोक मूळचे टायर उतरवून जाड बटणांचे, कच्च्या रस्त्याचे टायर चढवतात. उतरवलेले जवळजवळ नवेच असतात आणि बरेच स्वस्त मिळतात. हा प्रकार खरा आहे, असे टायर घेऊन वर्षानुवर्षं बिनघोर फिरणारे लोक मी पाहिलेत. त्यामुळे मला त्यात काही खटकलं नाही.

त्याने दोन टायर पुढ्यात आणून ठेवले. काळेभोर, आणि रबराच्या बारीक केसरांचे काही तंतू अजून शिल्लक. “साहेब, दोन हजार किलोमीटरसुद्धा चालले नसतील.” मी न विचारताच त्याने खाचेची खोली मोजायचा गेज काढून नक्षीच्या खाचेत घातला: 7.5 मिलिमीटर. नव्यात साधारण 8 असते, म्हणजे उत्तमच. मग दुसरी जोडी दाखवली. तीच कंपनी, तीच नक्षी, गेजवर 6. “हे दुसऱ्या गाडीचे आहेत, थोडे जास्त चाललेत. मागे टाकू. दीड मिलिमीटरचा फरक काहीच नाही.” आकडे त्याने स्वतःहून दाखवले याचंच मला कौतुक वाटलं. बाजूवरचा 235/65 R17 हा साइज मी वाकून वाचला आणि समाधानाने सरळ उभा राहिलो. त्याच्या पुढची चार अक्षरं वाचली नाहीत.

टायर आत शेडमध्ये चढवले. जुने चार ‘एक्सचेंज’मध्ये तिथेच राहिले.

महिनाभरात गाडी विचित्र वागायला लागली. हायवेवर तासभर चालवून आलो आणि पार्किंगमध्ये पूर्ण स्टिअरिंग फिरवून वळवली की वाटायचं, कुणीतरी ब्रेकवर हलका पाय ठेवलाय. गाडी अडखळत, धक्के खात वळायची. सकाळी थंड असताना यातलं काही नाही. मी ब्रेक तपासून घेतले, मग अलाइनमेंट केली. त्याने जाणार नव्हतंच.

शेवटी माझ्या नेहमीच्या मिस्त्रीने गाडी लिफ्टवर घेतली, खाली उभा राहून टॉर्च मारला आणि विचारलं, “साहेब, हे टायर कुठल्या साली घेतलेत म्हणालात?”

टायरवर ‘डॉट’ (DOT) या अक्षरांनी सुरू होणारा एक कोड असतो. त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे तो कधी बनला ते: पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. हा पूर्ण कोड टायरच्या एकाच बाजूला असला तरी चालतो. दुसऱ्या बाजूला बहुतेकदा तारखेशिवायचा अर्धा कोड असतो. माझ्या पुढच्या दोन टायरांची तारीख बाहेरून दिसत होती: 1122, म्हणजे 2022 चा अकरावा आठवडा. मागच्या दोन्हींची तारीख आत, गाडीच्या पोटाकडे होती. एकावर 3615, दुसऱ्यावर 0916. सात-आठ वर्षांचे टायर मी ‘टेक-ऑफ’ म्हणून चढवून घेतले होते.

तारखेची बाजू आत गेली म्हणजे लबाडीच झाली असं नाही. कित्येक टायर कसेही चढवता येतात आणि चांगला कारागीरही त्याकडे लक्ष देत नाही. पण नव्या दोघांची बाहेर आणि जुन्या दोघांची आत, हा योगायोग मला पचला नाही.

पण मग गेजवर 6 मिलिमीटर कसे आले? मिस्त्रीने मागच्या टायरच्या खाचेत बोट फिरवायला सांगितलं. प्रत्येक टायरच्या मुख्य खाचांमध्ये थोड्या थोड्या अंतरावर आडवे छोटे उंचवटे असतात, 1.6 मिलिमीटर उंचीचे. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायरचं आयुष्य संपलं. पुढच्या टायरमध्ये ते उंचवटे बोटाला लागत होते. मागच्यांत एकही नव्हता. खाचेचा तळ खरखरीत होता, कडा धारदार, आणि खाच कुठे सरळ तर कुठे किंचित वाकडी. झिजलेल्या टायरच्या खाचा गरम पात्याने आणखी खोल कोरल्या होत्या आणि वरून पॉलिश मारलं होतं. ट्रकच्या काही टायरांना असं कोरायची परवानगी असते, त्यांवर तसं छापलेलंही असतं, कारण त्यांच्या खाचेखाली जादा रबर ठेवलेलं असतं. गाडीच्या टायरमध्ये ते नसतं. कोरलेल्या खाचेखाली थोडंसं रबर, आणि लगेच पोलादी तारांचा पट्टा. पॉलिश पुसल्यावर तळाशी भेगाही दिसल्या.

आता खरी मेख. गेज खाच किती खोल आहे ते सांगतो, टायर किती मोठा आहे ते नाही. 8 वरून 4 पर्यंत झिजलेला टायर 2 मिलिमीटर कोरला की गेज 6 दाखवतो, पण टायरचा घेर 4 वालाच राहतो. मिस्त्रीने शिंप्याची टेप चाकाभोवती गुंडाळली. मागच्या टायरचा घेर पुढच्यापेक्षा दोन सेंटिमीटरहून जास्त कमी भरला. म्हणजे दर किलोमीटरला मागची चाकं चारेक फेऱ्या जास्त मारत होती. शंभर किलोमीटरला चारशेच्या वर.

साध्या गाडीत याचा पत्ताही लागला नसता. माझ्या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये व्हिस्कस कपलिंग आहे. दोन्हीकडचा वेग वेगळा झाला की त्यातलं सिलिकॉनचं द्रव घुसळलं जातं, तापतं आणि कपलिंग घट्ट होतं. चिखलात चाक घसरलं तर हे हवंच असतं. मी मात्र त्याला सरळ रस्त्यावर तासन् तास घुसळत ठेवलं होतं. लीव्हर टाकल्यावरच फोर-व्हील लागणारी गाडी असेल तर टू-व्हीलमध्ये असताना हा त्रास होत नाही. पण कोरलेला टायर तिलाही तितकाच घातक.

साइजपुढची ती चार अक्षरंही तेव्हा वाचली. पुढच्यांवर 108V, मागच्यांवर 104H. 108 म्हणजे एका टायरला 1000 किलोपर्यंत भार, 104 म्हणजे 900; शेवटचं अक्षर वेगमर्यादेचं. गाडीच्या दारावरच्या पट्टीवर 108 लिहिलंय. सगळं सामान ज्या बाजूला असतं, तिथेच मी कमी ताकदीची जोडी लावून फिरत होतो. ही अक्षरं तर कुणी लपवलीही नव्हती.

दुकानात परत गेलो. बिलावर एवढंच: ‘टायर, 4 नग’. साइज नाही, कोड नाही. “हे आमच्याकडचेच कशावरून?” त्याने अगदी शांतपणे विचारलं. माझ्या मोबाइलमध्ये फोटो होता, पुढच्या चकचकीत जोडीचा. मी दहा मिनिटं तावातावाने बोललो आणि रिकाम्या हाताने बाहेर आलो.

मागे दोन नवे, 108 चे टायर दुसरीकडून घेतले. ते 8, पुढचे तोवर 7 वर आलेले, त्यामुळे निभावलं. अडखळणं कमी झालंय, पूर्ण गेलेलं नाही. कपलिंग बदलावं लागलं तर त्या खर्चात चार नवे टायर येऊन वर बरेच उरले असते.

आता मी टायर चढवण्याआधी जमिनीवर आडवा ठेवून दोन्ही बाजू वाचतो. चारही कोडांचा फोटो काढतो आणि तेच आकडे बिलावर लिहून घेतो. दुकानदार कुरकुरला तर निघून येतो. खाचेत बोट घालून उंचवटे चाचपतो, चारही टायरांना टेप लावतो, आणि चढवताना शेजारी उभा राहतो. लोक हसतात. पूर्ण नवा सेट, पण साध्या कंपनीचा, फक्त साइज, भार आणि वेग बरोबर असलेला, असा पर्याय मी त्या वेळी विचारलासुद्धा नव्हता. नावाजलेल्या कंपनीचे जवळजवळ नवे टायर मिळतायत म्हटल्यावर तो मला कमीपणाचा वाटला होता.

माझे जुने चार टायर मात्र डोक्यातून जात नाहीत. एक्सचेंजमध्ये दिले तेव्हा त्यांची नक्षी तीन-चार मिलिमीटर शिल्लक होती, म्हणजे कोरायला अगदी योग्य. त्यातल्या एकाला कडेजवळ, बाहेरून दुसऱ्या खाचेत, पंक्चरची रबरी बत्ती घातलेली आहे आणि आतल्या बाजूला अंगठ्याएवढा फुगवटा आहे. साइज 235/65 R17. कुणाला ‘टेक-ऑफ’ म्हणून दाखवला गेला, तर तो माझा आहे.