कापडी छताच्या गाडीसाठी ध्वनिरोधक संच : सहा महिन्यांच्या वापरानंतर

दोन आसनांच्या, कापडी छताच्या माझ्या गाडीत ध्वनिरोधक संच बसवून आता सहा महिने झाले आहेत. संचात तीन वस्तू आहेत : वर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर आणि खाली चिकट बाजू असलेल्या ब्यूटाइल रबराच्या शीट, पाणी न शोषणारा क्लोज्ड-सेल फोम आणि जड व्हिनाइलची एक गुंडाळी. हा संच रस्त्याचा आणि वाऱ्याचा आवाज कमी करतो, असे वेष्टनावर छापलेले आहे. त्यातला रस्त्याविषयीचा दावा खरा आहे, वाऱ्याविषयीचा नाही. आणि ही गोष्ट आधी कळली असती तर मी खर्च आणि मेहनत दोन्ही वेगळ्या क्रमाने केली असती.

अशा गाड्यांमध्ये आवाज का जास्त असतो, हे पाहिले की संचाकडून काय अपेक्षा ठेवावी ते कळते. माझदाने १९८९ मध्ये आणलेल्या आणि या प्रकाराला नवे आयुष्य देणाऱ्या एमएक्स-५ चे वजन एक टनाच्या आत ठेवले होते. चालवण्यातली मजा त्या हलकेपणातूनच येते, पण त्यामुळे पत्रा पातळ राहतो आणि त्याखाली आवाज शोषणारे थर मोजकेच बसवले जातात. शिवाय बंद डिकीच्या गाडीत मागच्या चाकांचा आवाज निदान एका पडद्याआड असतो; इथे आसनांच्या पाठीमागे छत घडी होऊन बसण्याची पोकळी असते आणि मागच्या चाकांचा घुमणारा आवाज तिथून थेट कानापर्यंत येतो.

ब्यूटाइल शीट आवाज अडवत नाही, ती पत्र्याचे थरथरणे थांबवते. पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक केली असता जिथे डबा वाजल्यासारखा नाद येतो, तिथेच ती लावायची; शीट बसल्यावर त्याच जागी मंद, बसका ठोका ऐकू येतो. संपूर्ण पृष्ठभाग मढवण्याची गरज नसते. मोकळ्या, सपाट भागाचा मधला पाव ते एकतृतीयांश हिस्सा झाकला तरी बहुतेक परिणाम मिळतो आणि गाडीवर विनाकारण वजन चढत नाही. मी आसनांमागची भिंत, मागच्या चाकांवरचे उंचवटे आणि दारांचा बाहेरचा पत्रा आतून, एवढेच केले.

बसवताना घाई करू नये. आसने काढावी लागतात आणि त्यांच्याखाली एअरबॅगच्या जोडण्या असू शकतात, म्हणून बॅटरीची तार काढून काही मिनिटे थांबल्याशिवाय त्यांना हात लावू नये. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडा करावा, थंड हवेत शीट थोडी गरम करावी आणि लाकडी किंवा लोखंडी रोलरने इतकी दाबावी की अ‍ॅल्युमिनियमवरचे उठावदार नक्षीकाम सपाट व्हावे. या गाड्यांत छतावरचे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या आणि दारांच्या तळाची छिद्रे असतात, ती कोणत्याही परिस्थितीत झाकू नयेत; आवाज कमी झाला आणि गालिचाखाली गंज धरला, असा सौदा कोणालाच नको असेल. शीटचा दर्जा उत्तम आहे. डांबरी शीटला येणारा उग्र वास हिला नाही आणि उन्हात दिवसभर उभ्या राहिलेल्या गाडीतही एकही कड सुटलेली नाही.

खडबडीत रस्त्यावरची घुमघुम या कामानंतर स्पष्टपणे कमी झाली. दारे बंद होण्याचा आवाजही भरीव झाला, आणि तो मला दर वेळी सुखावतो. फोनमधल्या ध्वनिमापकावर मात्र आकडा जवळजवळ तोच राहिला आणि मी काही दिवस खरोखर निराश होतो. नंतर लक्षात आले की सर्वसाधारण मापक ‘ए’ भारांकन, म्हणजे कानाला कमी ऐकू येणारे सूर कमी धरणारी मोजपद्धत, वापरतो आणि त्यात १०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज सुमारे १९ डेसिबलने कमी धरला जातो. जी घुमघुम थकवा आणते, तीच हे माप जवळपास वगळते. त्यामुळे या संचाचे यश फक्त त्या आकड्यावरून ठरवू नये.

वाऱ्याचा आवाज वेगळ्या जातीचा आहे. तो तीव्रतेत वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढतो, म्हणजे ताशी ८० किलोमीटरवरून १०० वर गेलो की जवळजवळ चौपट होतो, आणि तो मुख्यतः फटींतून आत येतो. त्यावर शीटचा काहीच परिणाम झाला नाही. छत कापडी असल्याने आणखी एक अडचण येते : वेगात छताच्या वरचा हवेचा दाब कमी होतो, कापड फुगून वर उचलले जाते, चौकट नसलेल्या काचाही बाहेरच्या बाजूला ओढल्या जातात, आणि उभ्या गाडीत घट्ट वाटणारे रबरी बीडिंग, म्हणजे काच आणि छत यांच्यातली फट बंद करणारी पट्टी, चालत्या गाडीत विलग होते. म्हणून दार लावून कागदाचा तुकडा ओढून पाहण्याची परिचित चाचणी पुरेशी नाही. मी काचेच्या आणि छताच्या सगळ्या सांध्यांवर बाहेरून मास्किंग टेप लावून गाडी चालवली, आवाज एकदम खाली आला, आणि मग एकेक पट्टी काढत पुन्हा त्याच रस्त्यावरून फेऱ्या मारल्या. दोन्ही काचांच्या मागच्या वरच्या कोपऱ्यांवरची टेप काढताच शिट्टी परत आली. बीडिंगला खडूची पूड लावून दार बंद केले, तेव्हा काचेवर उमटलेली रेघ नेमकी त्याच कोपऱ्यात तुटलेली होती.

उपाय साधा निघाला. दाराच्या आतल्या बोल्टांनी काच किंचित वर आणि आत घेतली, छताच्या पुढच्या दोन्ही आकड्या सारख्याच प्रमाणात थोड्या आवळल्या आणि बीडिंग स्वच्छ करून त्यावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला. इथे पेट्रोलियम जेली किंवा खनिज तेलाचे ग्रीस वापरू नये. बहुतेक बीडिंग ईपीडीएम रबराचे असते आणि खनिज तेलाने ते फुगते. आकड्या प्रमाणाबाहेर आवळल्या तर छताच्या शिवणीवर ताण येतो, हेही ध्यानात ठेवावे. या एका दुपारच्या कामाने संपूर्ण संचापेक्षा मोठा फरक पडला, आणि त्यासाठी लागलेले साहित्य एका छोट्या पेटीत मावेल एवढेच होते.

संचातला फोम छताला आतून लावावा, अशी सूचना सोबतच्या पत्रकात आहे. मी ती पाळली नाही आणि इतरांनीही पाळू नये असे माझे मत आहे, कारण घडीत जाड थर आला की छत नीट बसत नाही, दुमडीच्या जागी कापड घासले जाते आणि सांगाड्यावर जोर येतो. हे काम छत बदलताना, आतल्या अस्तरासह तयार मिळणारे बहुस्तरीय छत घेऊनच करावे. फोम मी दारांच्या आतल्या ट्रिममागे, म्हणजे प्लास्टिकच्या आवरणामागे, वापरला. तिथे प्लास्टिकची कुरकुर थांबली.

जड व्हिनाइलविषयी मी समाधानी नाही. ते वस्तुमानाच्या बळावर आवाज अडवते, दर चौरस मीटरला सुमारे ५ किलो भरते आणि सलग, फटीविना पसरले तरच उपयोगी पडते. डोक्यावर कापड असलेल्या गाडीत आवाजाला तेच सर्वांत सोपे दार असते, त्यामुळे तळाला कितीही जड थर दिला तरी लाभ मर्यादित राहतो. आसनांमागच्या भिंतीवर एक तुकडा लावून उरलेली गुंडाळी मी परत बांधून ठेवली.

पुढच्या वेळी मी टायर बदलण्याची वेळ येईपर्यंत थांबेन आणि त्यानंतरच शीट किती लागते ते ठरवेन, कारण झिजून वेडेवाकडे झालेले टायर जो घोंघावणारा आवाज करतात तो पत्र्याच्या उपचाराने जात नाही. युरोपीय टायर-लेबलवरचा डेसिबलचा आकडा पाहून निवड करणाऱ्यांनी एवढे जाणून घ्यावे की तो गाडीच्या बाहेर मोजलेला आवाज असतो, केबिनमधला नाही. तीन वस्तूंच्या संचाऐवजी फक्त ब्यूटाइल शीट सुटी मिळत असेल तर ती जरूर घ्यावी, आणि ती चिकटवण्याआधी टेपची एक गुंडाळी घेऊन त्या कोपऱ्यांकडे जावे.