कोजागिरीच्या मूनकेकची पेटी: चव, माहितीपत्रक आणि काही हरकती

जळगावातील एका घरगुती बेकरीने २०२५च्या कोजागिरीला चिनी मध्य-शरद उत्सवाची मिठाई, म्हणजेच मूनकेक, चार नगांच्या पेटीत विक्रीला ठेवली होती. किंमत ६४० रुपये, मागणी आगाऊ नोंदवायची आणि पेटीत सणाची ओळख करून देणारे छापील पत्रक, अशी एकूण योजना होती. मुहूर्त नेमका साधला होता. चिनी पंचांगातील आठव्या महिन्याची पौर्णिमा एरवी बहुतेक वर्षी आपल्या भाद्रपद पौर्णिमेच्या आसपास येते. पण २०२५ साली चीनमध्ये सहावा महिना अधिक धरला गेला आणि आपला अधिक ज्येष्ठ २०२६मध्ये येणार असल्यामुळे तो सण पुढे सरकून ६ ऑक्टोबरला, थेट कोजागिरीवर आला. माहितीपत्रकात मात्र या योगाबद्दल चकार शब्द नाही.

आधी मिठाईबद्दल. हे मूनकेक दक्षिण चीनमधील क्वांगतुंग प्रांताच्या पद्धतीचे आहेत. या पद्धतीत पारी अगदी पातळ आणि सारण भरगच्च असते. पीठ साखरेच्या आंबटसर पाकात व शेंगदाणा तेलात भिजवतात आणि त्यात थोडे क्षारयुक्त पाणी घालतात. या क्षारामुळे पाकाचा आंबटपणा मोडतो आणि भाजताना पारीला तांबूस रंग चढतो. बेकरीने क्षारासाठी आपल्याकडचा पापडखार वापरला असून, उडदाचे पापड ज्या भागात घरोघरी लाटले जातात तेथे ही युक्ती सुचणे स्वाभाविकच म्हणावे लागेल. रंग उत्तम आला आहे. लाकडी साच्याचा ठसा कडेच्या पाकळ्यांवर स्पष्ट उमटला आहे, मधली नक्षी मात्र दोन नगांवर भाजताना पसरली आहे. पेटी हाती आली त्या दिवशी पारी कोरडी लागत होती आणि सुरी लावताच तिचे कण पडत होते. दोन दिवसांनी तीच पारी मऊ आणि तुकतुकीत झाली, कारण मुरताना सारणातील तेल हळूहळू पारीत उतरते. मूनकेक ताजे खायचे नसतात, ही बाब पेटीवर ठळक छापायला हवी होती.

सारणांपैकी पहिल्यावर माझी खरी हरकत आहे. पेटीवर ‘कमळबीज’ असे लिहिले आहे आणि आत मखाण्याचे सारण आहे. मखाणा ही कमळाची बी नव्हे; ती काटेरी पानांच्या एका वेगळ्या पाणवनस्पतीची बी आहे. चिनी लोक ज्या कमळबियांचे सारण करतात त्या आपल्याकडे कमळगट्टा या नावाने काष्ठौषधींच्या आणि पूजासाहित्याच्या दुकानांत मिळतात व लक्ष्मीच्या पूजेत वापरल्या जातात. त्या भिजवून, कठीण साल काढून, आतला हिरवा कडू कोंब वेगळा करून शिजवणे वेळखाऊ आहे, हे मान्य. पण मग नाव तरी खरे द्यावे. मखाण्याचे सारण पिठूळ आणि चिकट झाले आहे व त्याला स्वतःची अशी चव नाही. लाल चवळीचे सारण याच्या कितीतरी सरस आहे. पुरणावर वाढलेल्या जिभेला ते लगेच रुचते आणि गोडही बेताचे आहे. तिसरे सारण पाच गिरांचे असून त्यात बदाम, अक्रोड, तीळ, मगज आणि चारोळी आहे. अक्रोड जरा खवट निघाला, एवढी एकच खोट. चौथे केळ्याचे, म्हणजे खास जळगावची भर. स्वाद सुरेख आहे, पण केळ्याचा ओलावा पारीला सोसत नाही आणि तिसऱ्या दिवशी तळ फुटला. खारवलेल्या बदकाच्या अंड्याचा पिवळा बलक, जो कापल्यावर पूर्ण चंद्रासारखा दिसतो, या पेटीत नाही. आपल्याकडील शाकाहारी घरांचा विचार करता त्याबद्दल तक्रार नाही.

माहितीपत्रक नेटके छापले आहे, पण मजकूर सरसकट गोडगोड आहे. हौ यी या धनुर्धराने दहापैकी नऊ सूर्य पाडले, त्याला अमृत मिळाले आणि दुष्ट शिष्याच्या हाती ते पडू नये म्हणून त्याची पत्नी छांग-अ हिने ते प्राशन केले व ती चंद्रावर गेली, ही कथा त्यात आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील जुन्या पाठात तिने ते अमृत चोरले होते, हे सांगितलेले नाही. चौदाव्या शतकात मंगोल सत्तेविरुद्धच्या उठावाचे निरोप मूनकेकमध्ये लपवून धाडले गेले, ही गोष्ट तर इतिहास म्हणून दिली आहे. वास्तविक ती नंतरची लोककथा असून तिला समकालीन पुरावा नाही. चंद्रपूजा फार प्राचीन असली तरी सण म्हणून हा दिवस थांग राजवटीच्या काळात (सातवे ते दहावे शतक) आकाराला आला आणि सोंग राजवटीच्या काळात (दहावे ते तेरावे शतक) लोकप्रिय झाला, एवढे जरी नमूद केले असते तरी वाचकाला धागा मिळाला असता.

सर्वांत खटकते ते खानदेशी वाचकासाठी हाताशी असलेले सोडून दिल्याचे. पत्रकात चंद्रावर औषध कुटणारा ससा आहे, पण पेइचिंगमध्ये (बीजिंगमध्ये) या सणाला त्याच सशाच्या मातीच्या रंगीत मूर्ती करून मुलांच्या हाती देतात, त्याचा उल्लेख नाही. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई-भुलोजींची मातीची जोडी मांडून कोजागिरीपर्यंत रोज गाणी म्हणणाऱ्या मुलींना ही माहिती गोष्टींपेक्षा जवळची वाटली असती. आमच्या गल्लीतील भुलाबाईच्या समारोपाला यातलेच दोन मूनकेक डब्यात घालून खाऊ ओळखायला ठेवले होते. घट्ट बसवल्यामुळे डबा कितीही हलवला तरी आवाज येईना. बर्फी, ढोकळा, अनारसे अशी सगळी नावे घेऊन झाल्यावर मुलींनी हार मानली.

वेष्टनाबद्दल थोडक्यात: बाहेरून पिशवी, मग खोके, आत मखमली कापड आणि प्रत्येक नगाला पुन्हा प्लास्टिकची डबी. चीनमध्ये या भपक्याचा इतका अतिरेक झाला की २०२२ साली मूनकेकच्या वेष्टनावर तीन थरांची मर्यादा घालावी लागली. बेकरीने कापड वगळून तो खर्च चांगल्या अक्रोडावर करावा.

ज्यांना पेटी घ्यायची आहे त्यांनी चवळी आणि पाच गिरांचे नग अधिक मागावेत. बेकरी सांगितल्यास नग बदलून देते. मूनकेक आटीव मसाला दुधाबरोबर खाऊ नये, गोडावर गोड होऊन दोन्हींची चव जाते. घरात जितकी माणसे तितके पाचरीसारखे तुकडे करून बिनसाखरेच्या चहाबरोबर वाटून घेण्याची मूळ रीतच योग्य आहे, आणि एक नग चौघांना पुरतो. २०२६मध्ये हा सण २५ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या दिवशी येत आहे. विसर्जन मिरवणुकीमुळे त्या दिवशी बाजारपेठेत शिरणे कठीण असते, तेव्हा पेटी २३ तारखेलाच आणून ठेवावी. तोवर ती मुरेलही.