निक्को की कामाकुरा?

टोकियोत मुक्काम असताना मंदिरे आणि निसर्ग एकाच दिवसात पाहायचे असतील, तर निक्को आणि कामाकुरा यांपैकी एकाची निवड करावी लागते.

कामाकुरा रेल्वेने साधारण तासाभरावर आहे. कोतोकुइन मंदिरातील सुमारे 11 मीटर उंचीची, तेराव्या शतकातील कांस्य बुद्धमूर्ती उघड्या आकाशाखाली बसलेली आहे, कारण तिच्यावरचे सभागृह पंधराव्या शतकातच नष्ट झाले. मूर्ती पोकळ असल्याने आत शिरून ओतकामाचे सांधे पाहता येतात, आणि माझ्या मते ते बाहेरच्या दर्शनाइतकेच पाहण्याजोगे आहेत. समुद्रही जवळच आहे.

निक्कोला जाण्यास सुमारे दोन तास लागतात. सतराव्या शतकाच्या आरंभी जपानचा शोगुन, म्हणजे लष्करी शासक, झालेल्या तोकुगावा इएयासूच्या स्मरणार्थ उभारलेल्या आणि 1636 मध्ये भव्य स्वरूपात पुन्हा बांधलेल्या तोशोगू देवस्थानात सोनेरी कोरीवकामाची इतकी दाटी आहे, की साधेपणा शोधणारा काहीसा बिचकतो. मात्र समाधीकडे जाणाऱ्या वाटेच्या दारावरील चिमुकले कोरलेले झोपलेले मांजर चुकवू नये. सुमारे 97 मीटरचा केगोन धबधबा मात्र घाटातील वळणांपलीकडे आहे, आणि ऑक्टोबरमध्ये पानगळीचे रंग पाहायला येणाऱ्यांमुळे तेथे बस तासन्‌तास अडकतात.

निसर्गासाठी निक्को निःसंशय सरस आहे, परंतु तेथे मुक्काम करावा; एकच दिवस असल्यास कामाकुरा निवडावे.