आईची दोन केअर होम, माझा अनुभव
आई डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) पेशंट, दीड वर्षात दोन केअर होम झाली म्हणून लिहितेय. पहिलं दिसायला एकदम चकाचक. पण तीच तर अडचण होती, चकचकीत फरशीवर लाइट पडला की आईला वाटायचं पाणी सांडलंय, दारापुढच्या काळ्या मॅटपाशी तर ती हटकून थबकायची, तिला तो खड्डा वाटायचा, आणि स्टाफ म्हणणार आजी हट्टी आहेत. टीव्ही दिवसभर मोठ्याने, स्टाफ सारखा नवा. संध्याकाळ झाली की "मला घरी जायचंय" सुरू, त्यावर उपाय काय तर गोळी वाढवा. फार राग यायचा.

आताचं साधं आहे, बिल्डिंग जुनी, लिफ्ट हळू. पण फरशीला चमक नाही, टॉयलेटची सीट गडद रंगाची म्हणून पांढऱ्यात उठून दिसते आणि आई आपली आपण जाते (हे किती मोठं आहे ते ज्याच्या घरी आहे त्यालाच कळेल), खोलीच्या दारावर तिचा तरुणपणीचा फोटो. आणि तिथल्या एक ताई, त्या मागून येऊन कधीच हात लावत नाहीत, समोर येऊन खाली बसतात, आधी हाक मारतात, मग हात धरतात. आई घरी जायचं म्हणाली की "नाही" म्हणत नाहीत, घरी कोण कोण असतं विचारतात, मग आई टॉवेलच्या घड्या घालत घालत सांगत बसते. आजार तोच आहे, वाढतोयही, पण ती घाबरलेली नसते.

कुठलंही होम बघायला जाल तर संध्याकाळी जा, सकाळी सगळीकडेच शांत असतं.