हेडलॅम्प की हातातली बॅटरी? पावसाळी सह्याद्रीसाठी एक तुलना

पावसाळी ट्रेकची तयारी सुरू झाली की नव्याने डोंगर चढू लागलेली मंडळी हमखास विचारतात, हेडलॅम्प, म्हणजे कपाळावर पट्ट्याने बांधायचा दिवा, घ्यावा की साधी हातातली बॅटरी? दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: हेडलॅम्प. हात मोकळे राहतात, वजनाला हलका असतो, सगळे तोच घेतात. यातलं काहीच खोटं नाही. माझ्या सॅकमध्येही दोन्ही असतात. पण तुम्हाला सध्या एकच घ्यायचं असेल आणि तुमचं फिरणं मुख्यतः जून ते सप्टेंबरमध्ये सह्याद्रीत होत असेल, तर माझा कल हातातल्या बॅटरीकडे आहे. त्यामागचं कारण दुकानातल्या उजेडात कळत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी हेडलॅम्पच्या बाजूने. खिरेश्वरहून हरिश्चंद्रगडाची वाट धरली की टोलार खिंडीपर्यंत दोन्हीपैकी काहीही चालतं. खिंडीनंतर कातळ लागतो. रेलिंग आहेत, पण पावसात शेवाळलेल्या कातळावर दोन्ही हातांना काम असतं. तिथे हातात बॅटरी असली की एक हात अडकलाच. काही जण ती दातात धरून चढतात; तसं अजिबात करू नका, पाय सटकला तर दातांची आणि जबड्याची खैर नाही. कळसूबाईच्या लोखंडी शिड्या अंधारात चढायच्या असतील तरी हेच. मुक्कामावर तंबू लावणं, कांदा चिरणं, पायातला काटा काढणं, या सगळ्यात हेडलॅम्पला तोड नाही. कपाळावरचा दिवा मुळात खाणीत आणि गुहांमध्ये काम करणाऱ्यांचा. तिथे हात सतत गुंतलेले आणि बघायचं ते हातभर अंतरावर. अशा कामाला तो आजही सगळ्यात चांगला.

पण कातळ संपतो आणि पठार सुरू होतं. तिथून हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापर्यंत एकामागून एक टेकड्या ओलांडायच्या असतात, आणि पावसाळ्यात ही वाट चुकवण्यात भल्याभल्यांचा नंबर लागतो. ढग पठारावर बसलेला असतो. रात्री किंवा पहाटे तिथे पोहोचलात आणि डोक्यावरचा दिवा चालू असला, तर समोर पांढरी भिंत उभी राहते. उजेड वाढवला तर भिंत जास्तच पांढरी होते. बुटांची टोकं दिसतात, त्यापुढे नुसतं दूध. त्यात पाऊस असला तर प्रत्येक थेंब चमकत नाकासमोरून जातो, आणि चढून दम लागलेला असल्यामुळे स्वतःच्याच श्वासाची वाफ त्या झोतात येते. अर्ध्या तासात डोळे चुरचुरायला लागतात. मला हेडलॅम्पपासून दूर नेलं ते या एका त्रासाने.

कारण साधं आहे. धुक्यातले पाण्याचे बारीक थेंब उजेड चहूकडे उधळतात आणि त्यातला काही आल्या वाटेने मागे येतो. दिवा डोळ्यांच्या चार बोटं वर असेल तर तो परतणारा उजेड थेट डोळ्यांत शिरतो. आंबोली किंवा ताम्हिणी घाटात धुक्यात अप्पर लाइट लावून पाहिलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. गाडीचे फॉगलाइट खाली बंपरपाशी बसवतात ते याचसाठी. हातातली बॅटरी मांडीपाशी धरली की तुम्हीही तेच करत असता: झोत खालून जातो, डोळे वरून पाहतात, आणि मधली पांढरी भिंत बरीच विरळ होते. नाहीशी होत नाही, हेही सांगायला हवं. दाट ढगात कुठलाही दिवा चमत्कार करत नाही. पण चार पावलांऐवजी दहा पावलं दिसली तरी वाट सापडते.

याच्याच पोटात दुसरी गोष्ट आहे, आणि ती धुकं नसतानाही लागू पडते. डोळे आणि दिवा जवळजवळ एकाच जागी असले की वस्तूची सावली वस्तूमागेच लपते. मग जमीन सपाट भासते. कातळातली पायरी, पाण्याने खणलेली चर, वाटेत आडवं आलेलं मूळ, सगळं एकाच पातळीवर असल्यासारखं वाटतं आणि पाऊल अंदाजाने पडतं. बॅटरी खाली घेऊन झोत जमिनीशी तिरपा सोडून बघा. प्रत्येक दगडाला लांब सावली येते, चरीची खोली कळते. पठारावरची पायवाट तर अशीच शोधायची असते: तुडवून एका बाजूला निजलेलं गवत, चिखलात उमटलेली बुटाची नक्षी, मधोमध साचलेल्या पाण्याची पट्टी. हे सगळं तिरप्या उजेडात उठून दिसतं. उतरताना तर फरक आणखी जाणवतो. मी हे मोजून सांगत नाही, पायांना आणि गुडघ्यांना जे कळलं त्यावरून सांगतो. एकदा करून बघा आणि तुमचं मत तुम्ही बनवा.

यावर कुणीही म्हणेल, मग हेडलॅम्प काढून हातात धरावा की! धरता येतो, आणि ज्यांच्याकडे तोच आहे त्यांनी धुक्यात जरूर धरावा. पट्टा मनगटाला गुंडाळायचा, किंवा दिवा सॅकच्या कमरपट्ट्याला अडकवायचा. पण बहुतेक हेडलॅम्पचा उजेड मुद्दाम पसरट ठेवलेला असतो, कारण त्याला जवळचं काम उजळायचं असतं. हा पसरट उजेड आपल्या आजूबाजूचं धुकंच आधी पेटवतो. हातातल्या बॅटरीचा झोत मधोमध एकवटलेला असतो, कडेला कमी सांडतो. शिवाय ओला पट्टा, त्यावरचं बारीक बटण, गारठलेली बोटं. जमतं, पण तडजोड म्हणून.

पिवळा उजेड धुकं कापतो असं अनेकांच्या तोंडून ऐकाल. धुक्याचे थेंब उजेडाच्या तरंगलांबीच्या मानाने इतके मोठे असतात की ते सगळे रंग जवळपास सारखेच उधळतात, त्यामुळे तेवढ्यासाठी जास्त पैसे मोजू नका. मला पिवळसर उजेड आवडतो तो वेगळ्या कारणासाठी. निळसर पांढऱ्या एलईडीखाली चिखल, शेवाळ आणि ओला कातळ एकसारखे राखाडी दिसतात. पिवळसर उजेडात शेवाळ हिरवं दिसतं, आणि शेवाळ वेळेत ओळखता आलं तर बरंच काही टळतं.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. पहिल्या पावसानंतर रात्री किडे-पाखरं दिव्याकडे झेपावतात. दिवा कपाळावर असेल तर सगळी वरात डोळ्यांत आणि तोंडात. हेडलॅम्पवाला बोलायला वळला की समोरच्याचे डोळे दिपतात आणि त्याची अंधाराला सरावलेली नजर जाते. मोठ्या ग्रुपमध्ये हे सारखं होतं. हेडलॅम्पच्या बाजूने मोठा गुण म्हणजे लाल दिवा, जो चांगल्या हेडलॅम्पमध्ये बहुधा असतोच आणि छोट्या बॅटरीत क्वचित मिळतो. मुक्कामात बाकीचे झोपलेले असताना तो फार उपयोगी. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाचीकडे काजवे बघायला जाणार असाल तर मात्र तिथे पोहोचल्यावर लालसुद्धा बंदच ठेवा. काजवे उजेडाच्या खुणांनी जोडीदार शोधतात, आपला दिवा त्यात ढवळाढवळ करतो.

आता सेलचं. हा माझ्या मते दुसरा महत्त्वाचा मुद्दा. आजकाल बहुतेक हेडलॅम्पमध्ये आतच बसवलेली, यूएसबीवर चार्ज होणारी बॅटरी असते. शहरात सोयीची. पण दोन रात्रींच्या ट्रेकला पॉवरबँक सोबत हवी, पावसात चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण उघडायला जीव धजावत नाही, आणि काही वर्षांनी आतली बॅटरी थकली की अख्खा दिवा टाकून द्यावा लागतो. १८६५० या जाडसर, चार्ज होणाऱ्या लिथियम सेलवाल्या हातातल्या बॅटऱ्या उजेडाला जबरदस्त असतात, मात्र तो सेल पायथ्याच्या गावात मिळणार नाही. माझी आवडती आहे ती एका पेन्सिल (एए) सेलवर चालणारी, तळहातात मावणारी, अ‍ॅल्युमिनियमची बॅटरी. पेन्सिल सेल पायथ्याच्या किराणा दुकानातही बहुधा मिळतो. घरी चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड सेल वापरायचे, अडीअडचणीला दुकानातला साधा घालायचा. साधे अल्कलाइन सेल मात्र ट्रेकहून आल्यावर काढून ठेवा. आत राहिले तर पाझरतात, स्प्रिंगवर पांढरा थर धरतो आणि चांगली बॅटरी वाया जाते. बारीक एएए सेलवाल्या हेडलॅम्पमध्ये असे तीन असतात, आणि बदलायचे तर तिन्ही एकदम.

ल्युमेनच्या, म्हणजे दिव्याचा एकूण उजेड मोजायच्या एककाच्या, आकड्यांना भुलू नका. एका पेन्सिल सेलवरची चांगली बॅटरी शंभरेक ल्युमेन देते, आणि पायवाटेवर चालायला तेवढं पुरतं. धुक्यात त्याहून कमीच बरं. खोक्यावर अमेरिकी एएनएसआय एफएल१ मानकाची खूण असेल तर निदान आकडे एका पद्धतीने मोजलेले आहेत असं समजावं, पण ती पद्धतही माहीत हवी. झोताचं अंतर म्हणजे उजेड पाव लक्सपर्यंत, साधारण स्वच्छ आभाळातल्या पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उतरतो तिथवरचं. आणि किती तास चालते हा आकडा उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा. म्हणजे चाळीस तास लिहिलं असेल तर त्यातले शेवटचे बरेच तास मिणमिणते असू शकतात. खूण नसलेल्या स्वस्त झूमवाल्या बॅटरीवरचे हजारांतले आकडे सरळ सोडून द्या.

रोज खिशात बाळगण्याच्या दृष्टीने मात्र मला तुलनाच वाटत नाही. हेडलॅम्प ट्रेकहून आला की कपाटात जातो. छोटी बॅटरी किल्ल्यांसोबत खिशात राहते: वीज गेलेल्या जिन्यात, पार्किंगमध्ये गाडीखाली काही पडलं तर, गावी गेल्यावर रात्री अंगणात उतरताना. मोबाइलचा दिवा आहेच, पण पावसात फोन बाहेर काढायची इच्छा होत नाही, आणि त्याचा उजेड पायापुरताच. गावाकडे पावसाळ्यात घोणस आणि मण्यार या दोन नावांसाठी तरी पायापुढची जमीन नीट दिसायला हवी. तिरप्या उजेडात पाचोळ्यातली घोणस वेगळी दिसण्याची शक्यता जास्त. तरी शेतीपंपाची वीज रात्रीची असते आणि अंधारात फावडं घेऊन बारे द्यायचे असतात, अशा माझ्या नात्यातल्या मंडळींनी हेडलॅम्पच घेतला आहे, आणि त्यांचं बरोबरच आहे. पाणी फिरवताना दोन्ही हात लागतात.

तेव्हा तुमच्या रात्री कशा जातात ते बघून ठरवा. कातळारोहण, शिड्या, गुहा, तंबूतले मुक्काम, उन्हाळ्या-हिवाळ्यातले ट्रेक, शेतातलं काम, यातलं काही प्रामुख्याने असेल तर हेडलॅम्प घ्या, बदलता येणाऱ्या सेलचा घ्या, आणि धुक्यात काढून हातात धरा. पावसाळी पठारं, जंगलातल्या वाटा, पहाटेच्या उतरणी आणि रोजचा खिसा असं गणित असेल तर हातातली बॅटरी. ती घेताना तीन गोष्टी दुकानातच तपासा. बटण ओल्या हाताने चाचपडत सापडतं का आणि सॅकमध्ये आपोआप दाबलं जाऊ नये म्हणून लॉक करता येतं का, हे बघा. सगळ्यात मंद उजेडावर आधी सुरू होणारी मिळाली तर उत्तम. आणि मागच्या टोकाला दोरीसाठी भोक आहे ना, ते पाहा. त्यात मनगटात सैल बसेल एवढी दोरी ओवा, म्हणजे रेलिंग धरायची वेळ आली की बॅटरी नुसती सोडून देता येते. ती लोंबकळत राहते, आणि खाली पायांपाशी उजेडही पडत राहतो.